रसिकतेची आवक-जावक

गाण्याविषयीचे वाद अलीकडे फार लवकर मिटू लागले आहेत, आणि ही गोष्ट आम्हास मुळीच शुभ वाटत नाही. एखाद्या चालीवरून दोन शहाण्या माणसांचा मतभेद झाला म्हणजे पूर्वी रात्र पुरत नसे. एकाने ओळ म्हणून दाखवावी, दुसऱ्याने तीत खोड काढावी, तिसऱ्याने पेटी पुढे ओढावी, असा तो थाट असे. आता खिशातून यंत्र निघते, त्यावरील आकडा समोर धरला जातो आणि वाद खुंटतो. ‘हा अल्बम पहिल्या क्रमांकावर आहे, कोट्यवधी लोकांनी ऐकला आहे; तो वाईट कसा असेल?’ हा एका पक्षाचा सवाल. ‘पहिल्या क्रमांकावर आहे ना? मग तो चांगला असणे शक्यच नाही!’ हा दुसऱ्या पक्षाचा निकाल. पहिला पक्ष संख्येने मोठा, दुसरा प्रतिष्ठेने. आणि आमच्या सुशिक्षित कुटुंबांत तर हे दोन्ही पक्ष एकाच छपराखाली, एक मुलांच्या खोलीत व दुसरा दिवाणखान्यात, सुखाने नांदतात. हे दोघे परस्परांस वैरी समजतात. वस्तुतः ते सख्खे भाऊ आहेत. कारण निकाल देण्यापूर्वी गाणे ऐकण्याची गरज दोघांपैकी एकासही भासत नाही. आकडा पाहून जो मान डोलावतो आणि आकडा पाहून जो नाक मुरडतो, ते दोघेही आकड्याचेच दास होत. या दोन्ही पक्षांविरुद्ध आम्हास आज लिहावयाचे आहे.

या वादाची तपासणी सभागृहात न करता मानकोलीच्या नाक्यावर करावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे. भिवंडी तालुक्यातील हे गाव मुंबई-नाशिक महामार्गावर आहे. या पट्ट्यात जेथे एके काळी भाताची खाचरे होती तेथे आज पत्र्याच्या छपरांची अवाढव्य गोदामे उभी आहेत. बंदरातून आलेला आणि कारखान्यातून निघालेला माल येथे उतरतो, मोजला जातो, त्यावर रेघांची खूण चिकटते, आणि तो तुमच्याआमच्या दारात येऊन पडतो. घरबसल्या मागविलेल्या कितीतरी खोक्यांचा एक मुक्काम याच पट्ट्यात झालेला असतो. परंतु याच शिवारात आगरी समाजाची जुनी गावेही आहेत. लग्नसराईत तेथे हळदीच्या रात्री मांडवात गाणे घुमते आणि आबालवृद्ध त्यावर नाचतात. मोजदाद ही या भागाची आजची विद्या आणि गाणे ही त्याची जुनी हौस. मालाचा हिशेब आणि गाण्याचा हिशेब एकच असतो काय, हा प्रश्न विचारावयास याहून योग्य जागा आम्हास दिसत नाही.

प्रथम दूरचे उदाहरण घेऊ, कारण दूरच्या उदाहरणात आपला अभिमान आडवा येत नाही. १९७० च्या सुमारास लंडनमध्ये ड्यूई बनेल, जेरी बेकली व डॅन पीक हे तीन तरुण एकत्र गात असत. तिघांचेही वडील इंग्लंडात असलेल्या अमेरिकन वायुदलात नोकरीस होते, आणि तिघांनी आपल्या बँडचे नावही ‘अमेरिका’ असेच ठेवले. पुढे ज्यास ‘सॉफ्ट रॉक’ म्हणू लागले त्या जातीचे त्यांचे गाणे. विजेच्या गिटारीचा कल्लोळ बाजूस सारून साध्या गिटारीचा झणकार ठेवावयाचा, आणि त्यावर तीन गळ्यांनी मिळून मऊ स्वर धरावयाचा, अशी त्याची रीत. त्यांचा पहिला अल्बम, बँडच्याच नावाचा, १९७१ च्या अखेरीस इंग्लंडात निघाला. त्यास बेताचेच यश आले. मग ‘अ हॉर्स विथ नो नेम’ हे नवे गीत स्वतंत्र तबकडीवर निघाले. ते गाजले, आणि अल्बममध्ये त्याची भर घालून तो पुन्हा बाजारात मांडण्यात आला. १९७२ च्या मार्च महिन्यात तोच अल्बम अमेरिकेच्या क्रमवारीत पहिला आला आणि पाच आठवडे त्या जागी राहिला.

आता पहिल्या पक्षास आम्ही विचारतो: त्या अल्बममधील बाकीची सारी गीते तीच होती, गळे तेच होते, गिटारी त्याच होत्या. डिसेंबरात जी गीते सामान्य होती ती मार्चात असामान्य झाली काय? आणि दुसऱ्या पक्षास आम्ही विचारतो: डिसेंबरात ज्या गीतांत काही मार्दव, काही नवेपणा असेल तो मार्चात पहिला क्रमांक मिळताच उडून गेला काय? गीते जागच्या जागी होती. हालला तो केवळ बाजार. मौज अशी की, त्या नव्या गीताचा ढंग नील यंग या गायकासारखा आहे असा आक्षेप त्याच वेळी घेतला गेला, आणि एकेरी गीतांच्या क्रमवारीत त्या गीताने ज्यास पहिल्या जागेवरून खाली उतरविले ते नील यंगचेच ‘हार्ट ऑफ गोल्ड’ होते! हे अनुकरण आहे की नाही, असल्यास त्यात बनेलचे स्वतःचे असे काय आहे, शब्दांचा तो साधेपणा मुद्दाम राखलेला की नुसता पोकळ, हे खरे टीकेचे प्रश्न. त्यांची उत्तरे देण्यास कान लागतो, स्मरण लागते, थोडे धैर्यही लागते. क्रमवारी यांपैकी एकाही प्रश्नाच्या वाटेस जात नाही. या आठवड्यात अमक्याची जागा तमक्याने घेतली, एवढे सांगून ती मोकळी होते.

ती याहून अधिक सांगेल अशी अपेक्षा करणे हीच मुळात चूक आहे, हे तिच्या कुळाकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. ज्या ‘बिलबोर्ड’ पत्राच्या याद्या आज वेदवाक्य मानल्या जातात ते १८९४ साली सिनसिनाटी शहरात निघाले, आणि तेही भिंतींवर जाहिराती चिकटविणाऱ्यांच्या धंद्यासाठी. यात लाजिरवाणे काही नाही. व्यापाऱ्यास आपली वही असावीच लागते; पुढच्या आठवड्यात कोणता माल किती मागवावा हे दुकानदारास कळलेच पाहिजे. परंतु वाण्याची वही चांगली ठेवलेली आहे म्हणून कोणी तीत गुळाची गोडी शोधीत नाही.

शिवाय ती वहीदेखील नेहमी खरी असतेच असे नाही. अमेरिकेत तबकड्यांना सुवर्ण आणि प्लॅटिनम अशा पदव्या देण्याची चाल आहे. या पदवीसाठी दुकानांकडे रवाना झालेला माल धरला जाई. १९७८ साली ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या चित्रपटाच्या गीतांच्या तबकड्या मोठ्या गाजावाजाने दहा लाखांवर रवाना झाल्या, त्यांस प्लॅटिनमची पदवी मिळाली, आणि मग गिऱ्हाइकांनी पाठ फिरविल्यामुळे त्या लाखोंच्या संख्येने दुकानांतून परत आल्या! मानकोलीच्या गोदामातील मुनिमास ही गोष्ट सांगितली तर तो हसल्यावाचून राहणार नाही. जावक म्हणजे विक्री नव्हे आणि परतीचा माल वजा केल्यावाचून हिशेब मिटत नाही, ही गोष्ट त्यास नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकावी लागते. आमच्या रसिकांस मात्र ती जन्मभर शिकावयाची नसते.

तरीही न्यायाने बोलावयाचे तर आकड्याचा एक उपकार मान्य केला पाहिजे. १९९१ पर्यंत बिलबोर्डची माणसे निवडक दुकानांकडे चौकशी करून कोणत्या तबकड्या खपत आहेत ते विचारीत. दुकानदार खोटे बोलत असत असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यांना ज्यांचा खप व्हावा असे वाटे, किंवा होत असावा असे वाटे, त्यांची नावे आधी ओठांवर येत. त्या वर्षीच्या मे महिन्यापासून दुकानातील यंत्राने, खोक्यावरील रेघांवरून, प्रत्यक्ष विक्री मोजण्यास आरंभ झाला. आणि काय आश्चर्य! खेड्यापाड्यांचे ‘कंट्री’ संगीत आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतील ‘रॅप’ ही दोन्ही पाहता पाहता यादीच्या माथ्यावर येऊन बसली. ती काही एका रात्रीत जन्मली नव्हती. ती होतीच, विकली जातच होती. ज्यांस विचारले जात होते त्यांच्या कानांस ती ऐकू येत नव्हती, इतकेच. तेव्हा शिष्टांच्या बहिरेपणावर मोजदाद हे कधी कधी चांगले औषध ठरते. परंतु औषध म्हणजे अन्न नव्हे. अमुक लोक अमुक गाणे ऐकतात, एवढे आकडा खरेपणाने सांगू शकतो. ते गाणे ऐकण्यायोग्य आहे काय, हे सांगण्याचे काम तेथून पुढे आपले असते.

आणि आकड्याचा हा खरेपणाही पुढे टिकला नाही. तबकडी विकत घेणे मागे पडले, गाणे तारेवरून घरात येऊ लागले. तेव्हा अल्बमच्या क्रमवारीत १५०० वेळा ऐकलेली गीते म्हणजे एका अल्बमची विक्री, असा भाव २०१४ साली ठरला. २०१८ साली तो बदलला: पैसे भरून ऐकणाऱ्याची १२५० श्रवणे एका अल्बमबरोबर धरावयाची, आणि फुकट, जाहिराती सोशीत ऐकणाऱ्याची ३७५०. वाचकांनी हे गणित जरा थांबून पाहावे. एका श्रीमंताचा कान म्हणजे तीन गरिबांचे कान, असा त्याचा रोकडा अर्थ होता. व्यापाराच्या दृष्टीने तो बरोबरही असेल. परंतु मग ‘लोकांचा कौल’ हा शब्द तरी त्यास लावू नये. इकडे यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे मोजून पहिल्या चोवीस तासांचे आकडे फुगविण्याची अहमहमिका इतकी वाढली की, २०१९ साली त्या कंपनीस चोवीस तासांच्या विक्रमांतून जाहिरातीने मिळविलेले प्रेक्षक वगळावे लागले. ज्या विक्रमांच्या जोरावर घरोघरी वाद मिटविले जात होते, त्यांतील किती विक्रम रसिकांचे आणि किती रोकडीचे, हे आता कोणी सांगावे?

येथवर वाचून दुसरा पक्ष मिशीवर ताव देत असेल. त्यास आम्ही अधिक वेळ ताटकळत ठेवीत नाही. आपल्या देशात गीतांची क्रमवारी लोकप्रिय झाली तिच्या मुळाशी याच पक्षाचा पराक्रम आहे, आणि त्यात एका महाराष्ट्रीय विद्वानाचा हात आहे. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ पासून दहा वर्षे नभोवाणीचे मंत्री होते. शास्त्रीय संगीताची त्यांनी केलेली सेवा मोठी आहे. संगीताचे राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच कारकीर्दीतील, आणि त्यांचे ऋण कोणी नाकारू नये. परंतु चित्रपटगीत ही वस्तू त्यांस असह्य होती. ऑल इंडिया रेडिओवर तिचा वेळ आक्रसला, निर्मात्यांशी बेबनाव झाला, आणि काही काळ ती गीते तेथून जवळजवळ नाहीशी झाली. परिणाम काय झाला? लोकांनी चित्रपटगीते ऐकण्याचे सोडले काय? मुळीच नाही, त्यांनी रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावले. त्याच १९५२ च्या डिसेंबरात तेथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. एका दंतमंजनाच्या नावाची ती माळ अमीन सयानींच्या मधुर वाणीने अशी गुंफली की, दर बुधवारी रात्री सारा देश कोणते गीत कोणत्या पायरीवर चढले हे कान देऊन ऐकू लागला. श्रोत्यांची पत्रे आणि तबकड्यांचा खप हे त्या क्रमवारीचे आधार. पाच वर्षांनी, १९५७ साली, ‘विविध भारती’ काढून सरकारास तीच गीते सन्मानाने घरात घ्यावी लागली. यातील बोध उघड आहे. ज्या गाण्याची चिकित्सा करावयाची त्यास टीकाकार दार लावून घेतो, तेव्हा दंतमंजनवाला खिडकी उघडतो. आणि मग गाणे मोजले जाते, पारखले जात नाही. चांगले चित्रपटगीत कोणते आणि टाकाऊ कोणते, हे सांगण्यास त्या वेळी विद्वान पुढे सरसावले असते, तर पायऱ्यांची एवढी मातब्बरी वाढली असती काय?

गीतमालेत स्थान होते ते हिंदी चित्रपटगीतांस. मराठी गीताच्या वाट्यास ती पायरी आली नाही. पुढे २०२१ साली भारतीय संगीत उद्योगाच्या संघटनेने दर आठवड्याची क्रमवारी सुरू केली, तीही परदेशी गीतांची! पिकते तेथे विकत नाही म्हणतात, येथे पिकते तेथे मोजतही नाहीत. परंतु मराठी गीतास क्रमवारी नाही, याचा आमच्या दुसऱ्या पक्षाने भलताच अर्थ लावून घेतला आहे. आपली आवड बाजाराच्या विटाळापासून दूर राहिली असे त्यास वाटते, आणि त्या आवडीची त्याने एक सोपी खूण ठरविली आहे: मऊ ते सुसंस्कृत, कर्कश ते ग्राम्य.

या हेत्वाभासाची फोड करणे अवश्य आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस निघालेला ‘गारवा’ घ्या. मिलिंद इंगळे यांच्या चाली व त्यांचा गळा, सौमित्र यांचे शब्द. तो अल्बम आम्हासही प्रिय आहे. कोणत्याही यादीने त्यास क्रमांक दिला नाही, तरी पावसाळा आला की मराठी घरांत तो आपोआप आठवतो. आमच्या दृष्टीने हा क्रमांक कोणत्याही यादीहून मोठा. परंतु तो का आवडतो? तो मऊ आहे म्हणून? मग त्यानंतर निघालेले, त्याच पावसाचे, त्याच हळुवार सुरांचे, त्याच गहिवराचे शेकडो अल्बम आज कोणास आठवतात? मार्दव तर त्यांतही भरपूर होते. ‘गारव्या’त शब्द आणि चाल एकमेकांस धरून चालतात, बोलणे संपते कोठे व गाणे सुरू होते कोठे हे कळू नये अशी त्याची घडण आहे, हे त्याचे गुण, मऊपणा हा त्याचा केवळ वेष. वेषावरून माणूस ओळखू नये हे आपण मुलांस शिकवितो. गाणे मात्र आपण वेषावरूनच ओळखतो. ‘अमेरिका’ बँडचा मऊ स्वरही अखेर बाजारात विकलेलाच होता, आणि विक्रमी विकलेला होता. मार्दव हा बाजाराचा शत्रू नव्हे. तो बाजाराचा एक अत्यंत खपाऊ माल आहे.

याहून बोचरे उदाहरण आमच्याच किनाऱ्यावरचे आहे. ‘मी डोलकर’ हे कोळीगीत शांता शेळके यांनी लिहिले, हृदयनाथ मंगेशकर यांनी त्यास चाल दिली, लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी ते गायिले. ते उत्तम आहे यात संशय नाही. सुशिक्षित घरांतून ते कौतुकाने गायिले जाते, शाळांच्या स्नेहसंमेलनांत मुले डोक्यास रुमाल बांधून त्यावर नाचतात. परंतु ध्वनिफितींच्या काळात वेसाव्याचे कोळी स्वतःच ‘वेसावकर आणि मंडळी’ या नावाने गाऊ लागले, त्यांची पारू घरोघर पोहोचली, तेव्हा त्याच घरांनी त्यांस ‘वरातीचे गाणे’ म्हणून बाजूस सारले. समुद्र तोच, होडी तीच, ठेकाही फार दूरचा नव्हे. गळा मात्र आता कोळ्याचा होता, आणि बोलीतील ‘ळ’चा ‘ल’ खरोखरीचा होता. कोळ्याचे गाणे आम्हास हवे. ते कोळ्याने गाऊ नये, अशी ही रसिकता आहे. तिला सुसंस्कृत म्हणावे की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावे.

आता पुन्हा मानकोलीकडे वळू. हळदीच्या मांडवात वाजणारे आगरी-कोळी गीत हे खरोखर कोठे जगते? यूट्यूबवर त्याचा आकडा लाखांत जातो आणि पहिला पक्ष तो मिरवितो. परंतु त्याचे खरे घर तेथे नाही. मांडवात दोनशे माणसे ज्या गाण्यावर नाचतात ते यंत्राच्या हिशेबी फार तर एक श्रवण; आणि डीजेवाल्याने ते आपल्या साठ्यातून लावले, किंवा बेंजो पार्टीने वाजविले, तर एकही नाही. कायद्यानेही हे घर हिशेबाबाहेर ठेवले आहे: लग्नाची वरात व लग्नाशी निगडित सामाजिक समारंभ यांत गीत वाजविल्यास तो स्वामित्वहक्काचा भंग होत नाही, अशी तरतूद स्वामित्वहक्काच्या कायद्यातच आहे. ही सवलत आम्हास मान्य आहे. लग्नघरी वसुलीदार उभा राहावा असे कोण म्हणेल? परंतु त्यामुळे निष्पन्न काय होते पाहा. ज्या ठिकाणी हे गीत सर्वांत अधिक ऐकले जाते तेथे ते मोजले जात नाही, तेथे त्याच्या कर्त्यास काही मिळत नाही, आणि तेथे आमचा टीकाकार कधी पाऊल टाकीत नाही. बाजाराने त्याचे नाव लिहिले नाही आणि साहित्यानेही लिहिले नाही. गीत कोणी रचले, चाल कोणी बांधली, हे नाचणाऱ्यांसही ठाऊक नसते. २०१२ सालच्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांस मानधनाच्या वाट्याचा न सोडता येण्याजोगा हक्क दिला खरा. परंतु ज्याचे नावच कोणी घेत नाही त्याने तो हक्क मागावा कोणत्या तोंडाने?

आणि याहून मोठे नुकसान निराळेच आहे. मांडवात कर्णा येण्यापूर्वी आगरी लग्नांत धवलारीण गात असे, आणि काही ठिकाणी अजूनही गाते. लग्नाचे विधी चालविणारी ही स्त्री, आणि तिची गाणी ते ‘धवले’. हा शब्द वाचकांस ओळखीचा वाटला असेल, आणि तो वाटावयासच हवा. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर जे ‘धवळे’ रचले, ज्यांच्यामुळे ती मराठीची आद्य कवयित्री मानली जाते, त्याच कुळातील हा शब्द. आमच्या घरांतील पदवीधरांनी महदंबेवर परीक्षेत टिपा लिहिल्या आहेत. विवाहगीत, स्त्रीरचना, मौखिक परंपरा, असे सारे शब्द त्या टिपांत असतात. परंतु तीच जात आपल्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर कोणा वृद्धेच्या गळ्यात अद्याप जिवंत आहे, आणि तो गळा थांबला की ती संपणार आहे, याची त्यांस वार्ताही नाही. धवल्यास यादीत क्रमांक नाही म्हणून पहिल्या पक्षास तो दिसत नाही; त्यास व्यासपीठ नाही, तंबोरा नाही म्हणून दुसऱ्या पक्षास तो दिसत नाही. दोन भावांच्या भांडणात घरातील म्हातारी उपाशी राहावी तसे हे झाले आहे.

येथे काही आक्षेप येतील, त्यांचा समाचार घेतला पाहिजे. कोणी म्हणेल, ‘हळदीच्या रात्रीचा तो कानठळ्या बसविणारा आवाज तुम्हास गोड लागतो काय?’ मुळीच नाही. रात्री दहानंतर सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपकास मनाई करणारे नियम २००० सालापासून या देशात आहेत, आणि ते मानकोलीस जसे पाळले जावेत तसेच ते शहरातील मिरवणुकांतही पाळले जावेत. परंतु आवाज किती मोठा हा पोलिसांचा विषय. गाणे कसे आहे हा टीकेचा. मोठ्या आवाजात लावले म्हणून गाणे वाईट ठरत नाही, जसे हळू आवाजात लावले म्हणून ते चांगले ठरत नाही. दुसरा म्हणेल, ‘या गीतांत असते तरी काय? तोच ठेका, तीच सोन्याची मिरवणूक, तीच नटव्या पोरीची चेष्टा.’ पुष्कळ गीतांविषयी हे अगदी खरे आहे, आणि आम्ही म्हणतो, हेच लिहा! कोणत्या गीतात ठेक्याने शब्द गिळला, कोणत्यात स्त्रीची नुसती विटंबना आहे, आणि कोणत्यात बोलीचा खरा ठसका उतरला आहे, हे नावानिशी, कारणांनिशी लिहा. दोष दाखविणे हाही एक मान आहे. जो माणूस आपल्या खिजगणतीत नाही त्याचे दोष आपण दाखवीत बसत नाही. तिसरा म्हणेल, ‘लोकांस आवडते ते चांगले, ही लोकशाही आहे.’ लोकशाहीत बहुमताने निवडलेल्या सभासदावर आपण दुसऱ्याच दिवशी टीका करू लागतो आणि तो आपला धर्म समजतो. मग बहुमताने निवडलेल्या गीतासच तेवढे अभय का?

२०१७ साली डोंबिवलीस ९० वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याची यजमान संस्था होती आगरी यूथ फोरम. ज्या समाजाच्या बोलीस शाळेत हसले जाई, त्या समाजाने मराठी सारस्वतास आपल्या दारी बोलावून पाहुणचार केला. त्या पाहुणचाराची परतफेड आम्ही साहित्यिकांनी कशी केली? त्यांच्या कोणत्या गीतसंग्रहाचे परीक्षण आमच्या मासिकांत आले? कोणत्या गीतकाराची शब्दकळा आम्ही तपासली? आज मोठागाव आणि मानकोली यांना जोडणारा पूल उल्हास नदीवर झाला आहे. डोंबिवलीचा वाचक त्यावरून थोड्या वेळात पलीकडे जातो. पण त्याची मोटार गोदामांवरून पुढे निघून जाते, मांडवाशी थांबत नाही.

तेव्हा आमचे मागणे थोडक्यात असे. मासिकांनी पुस्तकांप्रमाणे अल्बमांचीही परीक्षणे छापावीत. त्यांत मऊ व कर्कश, शहरी व गावठी असा सोवळेपणा न पाळता गीतकार, संगीतकार, वादक यांची नावे स्पष्ट लिहावीत, आणि क्रमांकाचा उल्लेख, करावयाचाच तर, अखेरच्या ओळीत करावा. कुटुंबांनी आपल्या घरी एवढा नियम ठेवावा की, कोणताही अल्बम आकडा न पाहता आरंभापासून अखेरपर्यंत दोनदा ऐकावा, आणि मगच मुलाने बापास व बापाने मुलास तो चांगला का वा वाईट का हे कारणे देऊन सांगावे. ‘सर्वांना आवडतो’ आणि ‘सर्वांना आवडतो म्हणूनच’ ही दोन कारणे त्या घरात चालू नयेत. ज्या संस्था दरवर्षी भावगीतांच्या मैफली भरवितात त्यांनी एखाद्या वर्षी एखाद्या धवलारिणीस तिच्या घरच्यांच्या संमतीने, योग्य मानधन देऊन, सन्मानाने बोलवावे. तिचे धवले तिच्या नावासह ध्वनिमुद्रित करून ठेवावेत, आणि त्यांवरील तिचा हक्क तिच्याच घरी राहू द्यावा.

यास फार पैसा लागत नाही, सरकारची मंजुरी लागत नाही. लागतो तो वेळ आणि कान. व्यापारी आपले काम चोख करीत आहे: तो मोजतो, आणि मोजणे हेच त्याचे काम. पारखणे हे आपले काम होते. ते आपण त्याच्या वहीवर सोपवून निजलो आहोत. त्याबद्दल व्यापाऱ्यास दोष देण्याचा अधिकार आपल्यास नाही. धवलारिणीचा गळा थकण्यापूर्वी आपण जागे झालो तर बरे. कारण तो एकदा थांबला म्हणजे कोणत्याही गोदामातून पुन्हा मागविता येणार नाही.